बोंड्याचे कागद

"ये की रे. म्या आत आले का न्हाई? काय झालं का मला?"

साखराबाई गुडघे पोटाशी घेऊन त्या निळसर प्लास्टिकच्या पेटीत बसली होती. पेटी चांगली मोठी होती. पुढं लोखंडी जाळीचं दार, दोन्ही बाजूंना हवेसाठी झरोके. तरी पन्नाशीच्या बाईला आत मावायला अंग चोरावंच लागत होतं. बाहेर व्हरांड्यात बोंड्या चारी पाय फाकून उभा होता आणि मान तिरकी करून तिच्याकडं बघत होता.

आवाज ऐकून सत्यशीलाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या आणि चौकटीतच थांबल्या.

"साखरा! अगं काय हे?"

"हसू नका बाई. हे येडं म्हनून राहिलं, आदी तू जाऊन दाव."

सत्यशीलाबाई हसल्या. पोटावर हात दाबून हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. त्यांचं हसणं ऐकून की काय कोण जाणे, बोंड्यानं एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि मग सगळा देह साखराबाईच्या मांडीवर लोटून दिला. तिचा श्वास कोंडला, तोंडावर शेपटी आली, तरी ती हलली नाही.

"गुमान बसा बाई," ती आतून म्हणाली. "त्याला वाटू द्या, ही त्याचीच खोली हाय."

नांदेडात तरोडा नाक्याच्या पुढं, मालेगाव रोडला लागून असलेल्या कॉलनीतलं हे घर. श्रीशैलराव पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी सत्यशीलाबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. साखराबाई चौदा वर्षं त्यांच्याकडं येत होती. आधी धुणीभांडी, मग झाडलोट, आणि बाई आजारी पडल्यापासून स्वयंपाकही. ती मूळची हिमायतनगरकडची. नवरा सटवाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो गेल्यावर लेकीला घेऊन ती नांदेडला आली. लेक पुनम लग्न होऊन चाकूरला गेली आणि साखराबाई एका खोलीत एकटी उरली.

बोंड्या तिला सापडला त्याला आठ वर्षं झाली होती. सकाळी कामावर येताना रस्त्याकडेच्या नालीतून कुईकुई ऐकू आली. तिनं हात घालून काढलं तर मूठभर पांढरं पिल्लू, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं. ते पिशवीत घालून ती तशीच कामावर आली. तिच्या खोलीच्या मालकाला कुत्रं चालणार नव्हतं.

"दोन दिस ठिवते बाई इथं. मग न्हेते कुठं तरी."

ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत. खरं तर सत्यशीलाबाईंना कुत्र्यांची भीती. पहिला महिनाभर त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायच्या. मग त्यांची एकुलती एक लेक गीतांजली लग्न करून नेदरलँड्सला गेली, घर गप्प झालं, आणि बोंड्या एकेक पायरी चढत आत आला. व्हरांड्यातून बैठकीत, बैठकीतून माजघरात. शेवटी तो बाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी निजू लागला. पण सकाळी साडेसातला फाटक वाजलं की तो बाईंना सोडून दाराकडं धावायचा. ते फाटक साखराबाईचं असायचं.

सत्यशीलाबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधांचे लांबलचक फेरे झाले. शेवटी डॉक्टरांनी फाईल मिटवली आणि म्हणाले, "आत्ता बरं आहे, तोवर लेकीकडं जाऊन या."

ते 'तोवर' दोघांनाही कळलं.  घरी आल्यावर सत्यशीलाबाई म्हणाल्या, "बोंड्याला ठेवून मी जाणार नाही."

दोन वर्षांपूर्वी त्या त्याला ठेवून गेल्या होत्या. तेव्हा विमान कंपनीनं कुत्रं घ्यायला साफ नकार दिला होता. नात ओवी तेव्हा चार वर्षांची, तिच्याशी खेळण्यात दिवस बरे जायचे. पण रोज संध्याकाळी त्या फोनवर कुत्र्याला हाका मारायच्या. महिनाभरात परत आल्या. आता नियम बदलले होते. तीच कंपनी कुत्र्यांना विमानाच्या पोटात, वेगळ्या कप्प्यात घेत होती. तिकडं उतरायचे कागद मात्र नव्या नमुन्याचे आणि आधीपेक्षा जास्त झाले होते. मानेच्या कातडीखाली चिप, लस, मग रक्ताचा नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेत, तो पास झाला तरी नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. श्रीशैलरावांनी एखाद्या कालव्याचं काम हाती घ्यावं तशी नवी फाईल उघडली.

चिप बसवली तेव्हा साखराबाईनं बोंड्याचं डोकं काखेत धरलं होतं.

"तांदळाएवढी तर हाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "काय लिवलंय तिच्यात?"

"नंबर असतो मावशी."

"नाव न्हाई?"

"नाव नसतं."

तिला ते बरं वाटलं नाही.

नावाचा प्रश्न आला तो पंधरा दिवसांनी. हैदराबादचा एक माणूस हे कागद करून देत असे. त्याचा फोन आला तेव्हा श्रीशैलराव बैठकीत होते, बाई सोफ्यावर पडल्या होत्या आणि साखराबाई फरशी पुसत होती. फोन मोठ्या आवाजात लावलेला होता.

"साहेब, लसीचं पहिलं कार्ड पाठवलं ना तुम्ही, त्याच्यावर मालकाचं नाव वेगळंच आहे."

"वेगळं म्हणजे?"

"साखराबाई सटवाजी ढगे."

फरशीवरचा हात थांबला. तिला ती सकाळ आठवली. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात टेबलामागच्या माणसानं 'नाव?' असं विचारलं होतं. आपलंच विचारतोय असं समजून तिनं पूर्ण नाव सांगितलं होतं. त्यानं लिहून घेतलं. पुढं आठ वर्षं दरवेळी मागचं बघून तेच लिहिलं गेलं.

फोनवरचा माणूस सांगत होता, "मालक सोडून दुसरं कोणी कुत्रं नेत असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र लागतंय. त्याच्याशिवाय पुढं सरकत नाही."

श्रीशैलरावांनी फोन ठेवला. मग सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं कागदावर तो तुझाच आहे, साखरा."

"मव्हा कसा बाई? मव्हा आसता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि फडकं बादलीत पिळलं.

"इकडं ये. बस." बाई उठून बसल्या. "तू नाही म्हणालीस तर आम्ही त्याला नेणार नाही. मनापासून सांगते."

"आन तुमी?"

बाईंनी तिला शेजारी जागा करून दिली.

साखराबाई पदरानं हात पुसत राहिली. चौदा वर्षांत तिनं या घरात कधी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "एक दिस द्या मला."

त्या दिवशी ती घरी चालत गेली. रस्त्यानं जाताना तिला सारखं एकच सुचत होतं, की आपण नाही म्हणू शकतो. नुसतं नाही म्हणायचं. कुणी रागावणार नाही. बोंड्या राहील, सकाळी फाटक वाजलं की धावत येईल. बाई जाणार नाहीत. नातीला फोनमध्ये बघतील, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं 'तोवर' संपून जाईल. तिनं भाकरी थापली आणि तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं आल्या आल्या विचारलं, "कागद कुठं हाय सायेब?"

"लिहून ठेवलाय."

"तीन महिन्यांनी परत आनायचं, ते लिवलं का त्यात?"

"लिहिलंय."

"वाचून दावा."

श्रीशैलरावांनी चष्मा लावला. "सदर कुत्रा तीन महिन्यांच्या सुट्टीसाठी परदेशी नेण्यास व परत आणण्यास माझी संमती आहे."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग तिनं पेन घेतला. सही तिला सत्यशीलाबाईंनीच शिकवली होती. शाळेतल्या जुन्या पेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहा महिने तिच्याकडून गिरवून घेतली होती. आताही तिनं एकेक अक्षर सुटं काढलं. लिहिताना ओठ हलत होते. सत्यशीलाबाई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. सही झाल्यावर त्या वळल्या आणि त्यांनी साखराबाईचा हात दोन्ही हातांत धरला. बाईंचे हात गार होते.

मग पेटीची तालीम सुरू झाली. पहिल्यांदा दार उघडं ठेवून. मग दोन मिनिटं लावून, मग दहा. मग साखराबाई दार लावून भांडी घासायला जायची आणि आतून ओरडून बोलत राहायची. पुढं पुढं बोलणंही बंद केलं. उन्हाळा लागेपर्यंत बोंड्या दोन-दोन तास आत निजू लागला. ती येऊन कडी काढायची, तो आळस देत बाहेर यायचा आणि तिचे कोपर चाटायचा. रक्ताचा अहवाल चांगला आला. तीन महिने भरले.

हैदराबादला तीही सोबत गेली. तिथल्या सरकारी तपासणीत अनोळखी माणसानं मानेवरून यंत्र फिरवलं तेव्हा बोंड्या थरथरला, पण साखराबाईनं हनुवटीखाली बोट ठेवल्यावर उभा राहिला. यंत्र वाजलं. माणूस म्हणाला, "शांत आहे कुत्रा."

"माझ्या माहेरचा हाय," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

विमानतळाबाहेर ऊन होतं. गाडीवाल्याला दिवसाउजेडी नांदेडची वाट धरायची होती. सत्यशीलाबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या. पेटी जमिनीवर ठेवली. बोंड्या इतक्या माणसांना आणि बॅगांना भिऊन साखराबाईच्या पायांत शिरला होता. श्रीशैलराव म्हणाले, "जा बोंड्या, आत जा." तो हलला नाही. बाईंनी हाक मारली. तो हलला नाही. सगळे साखराबाईकडं बघू लागले.

ती खाली बसली. "जा," एवढंच म्हणाली.

तो लगेच आत गेला, एक गिरकी घेतली आणि जाळीकडं तोंड करून बसला. शेपटी आतल्या भिंतीवर वाजत होती. साखराबाईनं कडी लावली. पाच महिन्यांत तिनं त्याला एवढंच शिकवलं होतं, की हे दार लागतं आणि मग साखरा येऊन ते उघडते.

परतीच्या गाडीत ती पुढं बसली नाही. मागच्या रिकाम्या सीटवर बसली. 

तिकडं सगळं चांगलं चाललं होतं. गीतांजली आठवड्यातून दोनदा फोन लावून दाखवायची. हिरवंगार गवत, पाण्याचा कालवा, कडेच्या बाकावर लोकरीची शाल पांघरून बसलेल्या बाई, आणि गळ्यात लाल पट्टा घातलेला बोंड्या. लांब केसांची ओवी त्याच्यामागं पळताना दिसायची.

"साखरा, अगं इथं कुत्र्यांना बसमध्ये घेतात," बाई सांगायच्या. "आणि हा खिडकीजवळच बसतो. जागाच सोडत नाही."

"खातो का?"

"खातो ग. तुझ्यापेक्षा जास्त खातो."

"बोंड्या! ये बोंड्या, आरं म्या साखरा!"

तिचा आवाज ऐकला की बोंड्याचे कान उभे राहायचे. तो फोन हुंगायचा. मग फोनच्या मागं जाऊन बघायचा, सोफ्याखाली, पडद्यामागं. शेवटी घराच्या दाराशी जाऊन बसायचा. दोन-तीन फोन झाल्यावर ओवी म्हणाली, "आजी, फोन संपला तरी तो तिथून उठतच नाही."

पुढच्या फोनला साखराबाई काही बोललीच नाही.

"साखरा? ऐकू येतंय ना?"

तिनं मान हलवली. पदराचा बोळा तोंडावर धरला होता. खुणेनं सांगितलं, दावा, नुसतं दावा. गीतांजलीनं फोन त्याच्याकडं फिरवला. तो उन्हात निजला होता, पोट खालीवर होत होतं. साखराबाई बघत राहिली. त्यानंतरचे सगळे फोन तिनं तसेच बघितले.

दहाव्या आठवड्यात बाईंना ताप आला. आधी थंडीचा वाटला. मग दवाखाना, मग नळ्या. गीतांजलीचा फोन दुपारी आला तेव्हा साखराबाई दुसऱ्या एका घरी कपडे वाळत घालत होती.

"मावशी, आई गेली."

साखराबाईनं हातातला कपडा नीट झटकून दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला. मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं उठून ती तरोड्याला आली. घराची किल्ली तिच्याकडंच होती. तिनं सगळं घर झाडलं, पुसलं, बाईंच्या पलंगावरची चादर काढून धुतली आणि दुसरी घातली. कुणासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

श्रीशैलराव महिन्याभरानं आले. रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्यासोबत एकच बॅग होती. साखराबाई फाटक धरून उभी होती. तिनं रिक्षाच्या आत बघितलं, मग रस्त्याकडं, आणि बॅग उचलून घरात घेतली.

ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. पाणी प्याले.

"तुमची आठवण काढली शेवटी शेवटी. म्हणाली, साखरानं मला खूप दिलं."

साखराबाई जमिनीवर बसून बोटानं फरशीची सांध उकरत होती.

"तीन दिवस बोंड्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. दवाखान्यातून तिला आणलीच नाही ना घरी, त्याला काय कळणार. खोलीच्या दाराशी पडून होता. मग ओवी भांडं घेऊन शेजारी बसली. तिच्या हातून खाल्लं. ती पोरगीही कुणाशी बोलत नव्हती. अजूनही फार बोलत नाही. त्याच्याशी बोलते." ते थांबले. "परतीचे कागद तयार होते साखराबाई. त्याचं तिकीटही होतं. निघायच्या दिवशी पेटी काढली, तर ओवी त्याच्या गळ्यात हात घालून बसली. रडली नाही. नुसती बसली. मला नाही आणता आलं."

"हाव," तिनं मान डोलावली.

"पण मी सही घेतलीय तुमच्याकडून. परत आणतो म्हणून घेतलीय. तुम्ही सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा जातो आणि घेऊन येतो. नियमात बसतंय."

साखराबाईनं मान वर केली. समोरच्या घरावर कुणी तरी गहू वाळत घालत होतं.

"निजतो कुठं?" तिनं विचारलं.

"ओवीच्या पलंगाखाली. ती हात खाली सोडून निजते."

"पुन्यांदा पेटीत घालायचं. पुन्यांदा ते इमान. नववं लागलं आता त्याला." ती स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. "आन त्या लेकराला तिथं कोन हाय मग?"

"तुमचं काय साखराबाई?"

"राहू द्या सायेब." ती उठली. "राहू द्या तिथंच."

स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू राहिला. श्रीशैलराव उठून आत गेले नाहीत. ती चहा घेऊन आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पदराची कड ओली होती.

"सायेब, कागद हाय का? लिवून घ्या जरा. गीताताई वाचून दावतील त्या पोरीला."

श्रीशैलरावांनी वही आणली.

"लिवा. भाकर कुस्करून द्यावी, पर ताटली ठिवून लगेच जाऊ नये. ते एकटं खात न्हाई. कोन तरी उभं लागतं." ती लिहून होईपर्यंत थांबली. "डाव्या कानामागं खाजवलं तर खुश. उजव्याला हात लावायचा न्हाई, तिथं लहानपनी जखम व्हती. फटाके वाजले की कुठंबी शिरतं, तव्हा ओढू नये, आपुन खाली बसावं. त्याला रागवलं की भिंतीकडं तोंड करून बसतं. मग आपुनच जावं लागतं त्याच्याकडं, ते येत न्हाई."

श्रीशैलराव लिहीत होते. अक्षर अजून अभियंत्याचं होतं, सरळ आणि सुटं.

"आजून लिवा. पहाटं ते एकदा उठतं. सगळ्या खोल्यांतून फिरून येतं. कोन कुठं निजलंय, बघून येतं. एखादं मानूस कमी दिसलं, तर दाराशी जाऊन बसतं."

पेन थांबला. श्रीशैलरावांची मान खाली होती आणि वहीवरचा हात हलत नव्हता. साखराबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती रस्त्याकडं तोंड करून बसली. भाजीवाली गेली, शाळेची व्हॅन गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हं," ते म्हणाले. "दाराशी जाऊन बसतं. पुढं?"

"पुढं लिवा," साखराबाई म्हणाली, "तव्हा त्याच्यापाशी जरा वेळ बसावं."